माहितीचा तंटा आणि सुनावणीचा हक्क

नवी दिल्लीत मुनिरका परिसरातील बाबा गंगनाथ मार्गावर केंद्रीय माहिती आयोगाची स्वतःची इमारत उभी आहे. मार्च २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी आयोगाचा संसार भिकाजी कामा प्लेसमधील ऑगस्ट क्रांती भवनात आणि जुन्या जेएनयू परिसरात विभागलेला होता. केंद्र सरकारच्या कोणत्याही खात्याने, सार्वजनिक बँकेने, रेल्वेने वा केंद्रीय विद्यापीठाने नागरिकाला माहिती नाकारली, की त्या तंट्याचा अखेरचा वैधानिक टप्पा या इमारतीत येतो. एका आयुक्तापुढे एका दिवसात डझनावारी प्रकरणे लागतात. अर्जदाराने त्यासाठी वर्ष-दोन वर्षे वाट पाहिलेली असते. प्रत्यक्ष सुनावणी काही मिनिटांत आटोपते.

माहिती अधिकाराच्या कायद्याविषयीची चर्चा बहुधा दोनच अंगांनी होते. कोणती माहिती मिळाली आणि त्यातून कोणाचा गैरव्यवहार उघडकीस आला, हे एक अंग. आयोगांपुढे किती अपिले तुंबली आहेत, हे दुसरे. या दोहोंच्या मधला प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. माहिती द्यावी की नाही याबद्दल नागरिक आणि शासन यांच्यात वाद निर्माण झाला, तर त्या वादात नागरिकाचे म्हणणे नीट ऐकून घेतले जाते काय? प्रतिपक्षाने काय युक्तिवाद केला, हे त्याला आधी कळते काय? निर्णय देणारा तटस्थ असतो काय आणि निर्णयामागची कारणे लेखी मिळतात काय? न्यायाच्या भाषेत यालाच उचित सुनावणी म्हणतात. माहितीचा अधिकार कागदावर कितीही व्यापक असला, तरी त्याचा व्यवहारातील विस्तार अखेर या सुनावणीतच ठरत असतो.

कायद्याच्या कलमांत दडलेली विसंगती

संसदेने संमत केलेला माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अमलात आला. महाराष्ट्रात त्याआधीच राज्याचा स्वतंत्र कायदा होता आणि अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने तो घडवला होता. केंद्रीय कायद्याने तंट्याची तीन पायऱ्यांची रचना केली. जन माहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचे. माहिती जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. उत्तर न मिळाल्यास वा असमाधानकारक मिळाल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे प्रथम अपील. तेथेही निराशा झाली तर नव्वद दिवसांच्या आत आयोगाकडे द्वितीय अपील. दिवाणी न्यायालयांचे दरवाजे कलम २३ ने बंद केले आहेत. त्यामुळे आयोगासमोरची सुनावणी हीच नागरिकाची खरी संधी ठरते. तिच्यानंतर उरते ती केवळ उच्च न्यायालयातील रिट याचिका, जी सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी नसते.

आता या कायद्यात सुनावणीविषयी काय म्हटले आहे ते पाहण्यासारखे आहे. मागितलेली माहिती एखाद्या त्रयस्थ पक्षाशी संबंधित असेल तर त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी आयोगाने दिलीच पाहिजे, असे कलम १९ चे चौथे पोटकलम सांगते. जन माहिती अधिकाऱ्यावर दररोज अडीचशे रुपये आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपयांपर्यंत शास्ती बसवण्यापूर्वी त्याला सुनावणीची वाजवी संधी मिळाली पाहिजे, असे कलम २० बजावते. ज्याच्यासाठी हा कायदा केला त्या अर्जदाराला प्रत्यक्ष ऐकून घेतले पाहिजे, असे एकही वाक्य मात्र अपिलाच्या कलमांत नाही. त्याचा हक्क आला तो नियमांतून. केंद्र सरकारच्या २०१२ च्या नियमांनुसार अपीलकर्त्याला सुनावणीच्या तारखेची सूचना किमान सात दिवस आधी मिळाली पाहिजे. त्याला स्वतः, प्रतिनिधीमार्फत किंवा सोय असल्यास दूरदृश्य प्रणालीद्वारे हजर राहता येते. अपरिहार्य कारणाने येता आले नाही तर आयोग त्याला आणखी एक संधी देऊ शकतो.

कायदा करणाऱ्यांनी अर्जदाराला विसरले, असा याचा अर्थ नव्हे. त्यांनी वेगळा मार्ग पत्करला होता. माहिती नाकारणे समर्थनीय होते हे सिद्ध करण्याचा भार त्यांनी नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर टाकला. शिवाय माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराने सांगण्याची गरज नाही, असे कलम ६ मध्ये स्पष्टपणे नमूद केले. तात्पर्य, अर्जदाराने काहीच युक्तिवाद केला नाही तरी अधिकाऱ्याने आपली बाजू सिद्ध करावी आणि ती न जमल्यास माहिती द्यावी, ही मूळ कल्पना. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली भगतसिंग प्रकरणात हेच तत्त्व लागू केले. तपास चालू आहे एवढे म्हणून माहिती रोखता येणार नाही. ती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने दाखवले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

व्यवहारात हा भार हळूहळू उलटा सरकतो. अधिकारी कायद्याच्या कलमाचा नुसता आकडा लिहून माहिती नाकारतो आणि सुनावणीत अर्जदारालाच विचारले जाते, की तुम्हाला ही माहिती हवी तरी कशाला? ज्या प्रश्नाला कायद्याने बंदी घातली तोच सुनावणीचा पहिला प्रश्न ठरतो. अर्जदार गडबडतो, आपली सारी कहाणी सांगू लागतो आणि आपली तक्रार मांडण्याचे हे व्यासपीठ नव्हे, असे ऐकून परततो.

कायद्याआधीचा वारसा

नियमांत काही लिहिलेले नसले तरी म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवले आहे. १९६९ च्या क्रैपाक प्रकरणात जम्मू-काश्मीरमधील एक वनाधिकारी स्वतः उमेदवार असलेल्या निवडीच्या मंडळावरच सदस्य म्हणून बसला होता. आपल्या नावाचा विचार होताना तो बाजूला झाला, तरी ती निवड न्यायालयाने रद्द केली. कोणीही आपल्याच प्रकरणात न्यायाधीश असू नये, हे तत्त्व केवळ न्यायालयांना नव्हे तर प्रशासकीय निर्णयांनाही लागू आहे, हे त्या निकालाने प्रस्थापित झाले. १९७७ साली मोहिंदरसिंग गिल प्रकरणात न्यायालयाने आणखी एक दंडक घालून दिला. आदेश ज्या कारणांवर दिला असेल त्याच कारणांवर तो टिकला पाहिजे. नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणे जोडून त्याची डागडुजी करता येणार नाही.

जानेवारी १९७८ मधील मनेका गांधी प्रकरणाचे नाते तर माहितीशी थेट आहे. पारपत्र जमा करण्याचा आदेश सरकारने दिला आणि कारणे विचारली असता सार्वजनिक हिताचे निमित्त पुढे करून ती सांगण्यास नकार दिला. ज्याचा हक्क हिरावला जातो त्याला कारणे कळली पाहिजेत आणि बाजू मांडता आली पाहिजे, अन्यथा ती कार्यपद्धती न्याय्य म्हणता येणार नाही, ही त्या निकालाची शिकवण. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७ मध्ये नकाराची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवण्याचे जे बंधन आहे ते याच परंपरेतले. कलम ४ त्याहून पुढे जाऊन प्रशासकीय व न्यायिकवत् निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देण्याचे कर्तव्य सर्वच सार्वजनिक प्राधिकरणांवर टाकते.

या कसोट्या प्रथम अपिलाला लावून पाहिल्या, तर रचनेतील कमकुवत सांधा लगेच दिसतो. प्रथम अपिलीय अधिकारी त्याच खात्यातला, माहिती अधिकाऱ्याचा वरिष्ठ. ज्या फाईलवर कनिष्ठाने नकार लिहिला त्या फाईलवर बहुतेक वेळा त्याचीच सही आधी झालेली असते. वादग्रस्त माहिती नाकारताना कनिष्ठ अधिकारी वरिष्ठाला न विचारता पाऊल उचलेल, असे कोणत्या कार्यालयात घडते? कायद्याने या अधिकाऱ्याला तीस दिवसांची, फार तर पंचेचाळीस दिवसांची मुदत दिली; परंतु ती मोडल्याबद्दल त्याच्यावर शास्ती बसवण्याची तरतूद केली नाही. परिणामी अनेक कार्यालयांत प्रथम अपील म्हणजे मूळ उत्तराची नक्कल, अथवा निव्वळ मौन. खात्याला आपली चूक घरच्या घरी सुधारता यावी, हा या पायरीचा हेतू होता. तो साधला गेला असता तर आयोगांपुढे एवढी रांग लागली नसती.

मणिपूरचा धडा

नागरिकाला कोणत्या दारातून आत जायचे हेच ठाऊक नसेल, तर सुनावणीचा हक्क कसा निष्फळ ठरतो, याचे उदाहरण मणिपूरने घालून दिले. तेथील एका अर्जदाराने २००७ साली माहिती मागितली. उत्तर आले नाही. त्याने कलम १८ खाली राज्य माहिती आयोगाकडे तक्रार केली आणि आयोगाने माहिती देण्याचा आदेश दिला. राज्य सरकार न्यायालयात गेले. डिसेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चे अपील हे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. तक्रारीत आयोग चौकशी करू शकतो, शास्ती लावू शकतो. माहिती देण्याचा आदेश मात्र केवळ अपिलातच देता येतो.

या भेदामागचा न्यायालयाचा तर्क सुनावणीच्याच दृष्टीने महत्त्वाचा होता. अपिलाच्या कलमात सिद्धतेचा भार, त्रयस्थाची सुनावणी, मुदती असे संरक्षण आहे. तक्रारीच्या कलमात ते नाही. न्यायालयाने त्या अर्जदारांना मुदतीचा आग्रह न धरता अपील दाखल करण्याची मुभाही दिली. पण तोवर चार वर्षे उलटली होती. आजही कलम १८ चा अर्ज करून माहितीची वाट पाहणारे कित्येक नागरिक सुनावणीच्या दिवशी प्रथमच ऐकतात, की त्यांनी चुकीचा दरवाजा ठोठावला आहे. वकिलाविना चालावी अशी कल्पिलेली व्यवस्था वकिली बारकाव्यांवर अडते, हा या निकालाचा अनपेक्षित परिणाम.

ऐकणारा कोण?

सुनावणी उचित व्हायची तर ऐकणाऱ्याची पात्रता आणि तटस्थता या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या. कायदा, विज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, प्रशासन अशा विविध क्षेत्रांतील सार्वजनिक जीवनात प्रतिष्ठा असलेल्या व्यक्ती आयुक्त व्हाव्यात, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात निवृत्त सनदी अधिकाऱ्यांचाच भरणा राहिला. मुंबईचे शैलेश गांधी यांच्यासारखा चळवळीतला माणूस २००८ ते २०१२ या काळात केंद्रीय आयोगावर होता, पण तो अपवाद. आयुष्यभर ज्या व्यवस्थेत काम केले तिच्याच नकाराविरुद्धची अपिले ऐकणारा आयुक्त वैयक्तिकरीत्या प्रामाणिक असू शकतो, आणि फायलींचा माग काढण्यात त्याचा अनुभव उपयोगीही पडतो. प्रश्न उरतो तो समोर बसलेल्या नागरिकाला काय दिसते याचा.

सप्टेंबर २०१२ मध्ये नमित शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर जालीम उपाय सुचवला. आयोगांचे काम न्यायिक स्वरूपाचे असल्याने त्यांनी दोघांच्या पीठात बसावे आणि त्यांतील एक न्यायिक सदस्य असावा, असा तो आदेश होता. वर्षभरातच, सप्टेंबर २०१३ मध्ये, फेरविचार याचिकेवर न्यायालयाने तो आदेश मागे घेतला. आयोग न्यायिक अधिकार वापरत नाहीत, ते प्रशासकीय स्वरूपाचे कार्य करतात. मात्र ते करताना त्यांनी न्याय्य रीतीने वागले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. हा फेरविचार अनेक कार्यकर्त्यांना दिलासादायक वाटला, कारण निवृत्त न्यायाधीश शोधण्यात आयोगांचे काम ठप्प होण्याची भीती होती. तरीही न्याय्य रीतीने वागण्याचे बंधन कायम राहिले आणि त्याची अंमलबजावणी कशी व्हावी हे मोघमच राहिले.

आयोगाच्या कार्यपद्धतीचा प्रश्नही असाच लोंबकळत होता. केंद्रीय आयोगाने स्वतःसाठी केलेले २००७ चे विनियम दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली दिल्ली विकास प्राधिकरणाच्या याचिकेवर रद्द केले. आयोगाला विनियम करण्याचा व पीठे नेमण्याचा अधिकार आहे, हा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाकडून यायला जुलै २०२४ उजाडावा लागला. चौदा वर्षे देशाचा आयोग आपल्या सुनावणीच्या नियमांचा पाया वादग्रस्त असतानाच निवाडे करत होता.

आयुक्तांच्या स्वातंत्र्याला दुसरा धक्का बसला तो २०१९ च्या दुरुस्तीने. मूळ कायद्यात आयुक्तांची मुदत पाच वर्षांची होती आणि केंद्रीय मुख्य माहिती आयुक्तांचे वेतन मुख्य निवडणूक आयुक्तांच्या बरोबरीचे होते. दुरुस्तीने या दोन्ही बाबी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला आणि ऑक्टोबर २०१९ च्या नियमांनी मुदत तीन वर्षांवर आणली. ज्या सरकारविरुद्धची अपिले ऐकायची त्याच्याच नियमांवर आयुक्ताची मुदत व वेतन अवलंबून असणे, हे क्रैपाकच्या तत्त्वाशी कसे जुळते, याचे समाधानकारक उत्तर संसदेतील चर्चेतून मिळाले नाही.

त्रयस्थाचा हक्क, नागरिकाचा हक्क

सुनावणीचा हक्क फक्त अर्जदाराचा नाही. ज्याच्याविषयी माहिती मागितली त्यालाही तो आहे, आणि त्याची उपेक्षा झाली तर माहिती देण्याचा आदेशही अडचणीत येतो. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण सर्वोच्च न्यायालयाचे स्वतःचे. सुभाषचंद्र अग्रवाल यांनी २००७ साली न्यायाधीशांच्या मालमत्तेसंबंधी माहिती मागितली. केंद्रीय आयोगाचा आदेश जानेवारी २००९ मध्ये झाला, दिल्ली उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा निकाल जानेवारी २०१० मध्ये, आणि घटनापीठाचा अखेरचा निवाडा १३ नोव्हेंबर २०१९ रोजी. सरन्यायाधीशांचे कार्यालय कायद्याच्या कक्षेत येते, हा भाग ठळक मथळ्यांत झळकला. त्याच निकालाने न्यायाधीशांच्या नेमणुकांविषयीच्या पत्रव्यवहारासारख्या बाबी मात्र पुन्हा माहिती अधिकाऱ्याकडे पाठवल्या. संबंधित व्यक्ती त्रयस्थ पक्ष असल्याने कलम ११ प्रमाणे त्यांना नोटीस देऊन, त्यांचे म्हणणे विचारात घेऊन नव्याने निर्णय करावा, असे घटनापीठाने सांगितले. अनेक वर्षांनंतर त्या भागापुरता अर्ज पुन्हा पहिल्या टेबलावर आला. पहिल्याच टप्प्यावर नोटिसा निघाल्या असत्या तर हा फेरा टळला असता.

कलम ११ त्रयस्थाला नकाराधिकार देत नाही, हे येथे विसरता कामा नये. पाच दिवसांत नोटीस, दहा दिवसांत म्हणणे, चाळीस दिवसांत निर्णय. आणि त्रयस्थाच्या हानीपेक्षा सार्वजनिक हित वजनदार असेल तर माहिती देता येते, अशी ती तरतूद आहे. अनेक कार्यालयांत मात्र त्रयस्थाने हरकत घेतली म्हणून माहिती नाकारली, एवढेच लिहून प्रकरण बंद होते. हरकत नोंदवणे आणि तिच्यावर निर्णय देणे यांतला फरक तेथे पुसला जातो.

नव्या परिस्थितीत हा फरक अधिकच कळीचा ठरणार आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि त्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधील वैयक्तिक माहितीविषयीच्या अपवादात केलेला बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. पूर्वी एखाद्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कार्याशी संबंध नसेल किंवा ती देण्याने खासगीपणावर अनाठायी आक्रमण होत असेल, तरच ती रोखता येई. आणि व्यापक सार्वजनिक हित असल्यास तीही देता येई. आता वैयक्तिक माहिती एवढेच कारण पुरेसे झाले आहे. कलम ८ च्या दुसऱ्या पोटकलमातील सार्वजनिक हिताचा तोल शिल्लक आहे, हा सरकारचा युक्तिवाद खोटा नाही. पण तो तोल साधायचा तर हित कोणते आणि हानी कोणती हे दोन्ही पक्षांकडून ऐकून घ्यावे लागेल. मजुरांची हजेरीपुस्तके, शिधापत्रिकांच्या याद्या, कंत्राटदारांची देयके यांतून उघड झालेले गैरव्यवहार नावांवाचून उघड झाले नसते. अपवाद जेवढा रुंद झाला, तेवढा सुनावणीचा दर्जा निर्णायक ठरतो.

उशीर म्हणजे न ऐकणेच

नांदेडच्या एखाद्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने आपल्या सेवापुस्तकाची व निवृत्तिवेतनाच्या हिशेबाची प्रत मागितली, असे समजा. रेल्वे केंद्राची असल्याने त्याचे द्वितीय अपील दिल्लीला जाते. तारीख लागेपर्यंत दीड-दोन वर्षे सरतात. जिल्ह्याच्या ठिकाणी पडद्यासमोर बसून तो आयोगाशी बोलतो. रेल्वेने आयोगाला पाठवलेले लेखी उत्तर त्याने कधी पाहिलेलेच नसते. त्यातले मुद्दे पहिल्यांदाच कानावर पडतात आणि त्यांना तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागते. अशा सुनावणीत नियमांचा प्रत्येक रकाना भरलेला असतो आणि तरीही माणसाचे म्हणणे ऐकले गेलेले नसते.

प्रथम अपिलाला कायद्याने मुदत घातली. द्वितीय अपिलाला घातली नाही. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१० साली केला. प्रथम अपिलाची पंचेचाळीस दिवसांची मर्यादा लक्षात घेता आयोगानेही तेवढ्याच अवधीत निर्णय द्यावा, असे त्याने म्हटले. ते पाळणे बहुतेक आयोगांना शक्य झाले नाही. सतर्क नागरिक संघटनेच्या पाहणीनुसार २०२४ च्या मध्यास देशातील आयोगांपुढे चार लाखांहून अधिक अपिले व तक्रारी प्रलंबित होत्या आणि त्यांत सर्वाधिक, एक लाखाच्या वर, एकट्या महाराष्ट्रात होत्या. ज्या राज्याने केंद्राच्या आधी हा कायदा केला त्याच राज्यात नागरिकाला सर्वांत लांब रांगेत उभे राहावे लागावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

रांगेचे मूळ रिक्त पदांत आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये अंजली भारद्वाज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पद रिकामे होण्याच्या एक ते दोन महिने आधी नेमणुकीची प्रक्रिया सुरू करावी आणि निवडीचे निकष जाहीर करावेत, असे बजावले. त्यानंतरही झारखंडचा आयोग मे २०२० पासून आयुक्तांअभावी वर्षानुवर्षे बंद राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिक्त पदांमुळे कायदा निष्प्राण होईल, अशी चिंता न्यायालयाला पुन्हा व्यक्त करावी लागली. केंद्रीय आयोगाचे मुख्य आयुक्तपदही सप्टेंबर २०२५ मध्ये रिकामे झाले ते डिसेंबरमध्ये भरले गेले. त्याआधीच्या दशकातही हे पद रिकामे राहण्याचे प्रसंग वारंवार आले होते.

तुंबलेली अपिले निकाली काढण्याचा दबाव मग सुनावणीवरच उलटतो. एकाच अर्जदाराची अनेक अपिले एका ओळीच्या आदेशाने फेटाळणे, क्षुल्लक त्रुटीसाठी प्रकरण परत पाठवणे, गैरहजेरी नोंदवून फाईल बंद करणे, असे सोपे मार्ग खुणावू लागतात. गुजरात राज्य माहिती आयोगाने काही अर्जदारांवर पुढे अर्ज करण्यास बंदी घालणारे आदेश दिल्याचे २०२२ मध्ये उजेडात आले. कायद्यात अशी शिक्षा कोठेही नाही. त्रास देण्यासाठी अर्जांचा मारा करणारे लोक आहेत, हे खरे. २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सरसकट व अव्यवहार्य मागण्यांबद्दल नाराजी नोंदवली होती. पण एखाद्या अर्जाचा गैरवापर त्या अर्जापुरता ऐकून ठरवता येतो. माणसाचा भावी हक्कच काढून घेणे ही वेगळी गोष्ट झाली. २०१७ च्या केंद्रीय नियमांच्या मसुद्यात अपीलकर्त्याच्या मृत्यूनंतर अपील संपुष्टात येईल, असे सुचवण्यात आले होते. माहिती मागणाऱ्यांवर जीवघेणे हल्ले झालेल्या देशात अशी तरतूद कोणाच्या सोयीची, हा सवाल तेव्हा उचितच होता.

बंद पाकीट आणि उघडे दार

माहितीच्या तंट्यात एक जात्याच अवघड पेच असतो. ज्या कागदावर वाद आहे तो कागद अर्जदाराला दाखवला तर वादच संपतो. आणि न दाखवता त्याने युक्तिवाद कसा करावा? कलम १८ नुसार आयोगाला कोणताही कागद पाहता येतो व कोणत्याही सबबीखाली तो रोखता येत नाही. म्हणजे आयुक्त पाहतो, अधिकारी समजावतो आणि अर्जदार बाहेर राहतो. ब्रिटनच्या न्यायाधिकरणातही अशी बंद सुनावणी असते, मात्र तेथे शक्य तितका आशय नंतर अर्जदाराला सांगण्याची पद्धत आहे. एप्रिल २०२३ मध्ये मीडिया वन वाहिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बंद लिफाफ्यांवर कठोर बोट ठेवले. राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले म्हणून नैसर्गिक न्याय आपोआप बाजूला सारता येत नाही, असे त्या निकालाचे सार होते. माहिती आयोगांनी हे तत्त्व स्वीकारले, तर कागद पाहिल्यानंतर त्याचे स्वरूप, दिनांक, विषय आणि नाकारण्याचे नेमके कारण एवढे तरी अर्जदाराला कळवणे त्यांना क्रमप्राप्त ठरेल.

दुसऱ्या बाजूचाही विचार हवा. शास्तीची तलवार ज्याच्या डोक्यावर असते तो माहिती अधिकारी बहुधा खालच्या श्रेणीतला असतो. फाईल त्याच्या ताब्यात नसते, निर्णय वरून आलेला असतो. ज्याची मदत मागितली तो अधिकारीही जबाबदार धरता येतो, असे कलम ५ सांगते. तरी नोटीस जाते ती त्याच एकाला. त्याची सुनावणी प्रामाणिकपणे झाली, तर नकाराचा खरा कर्ता समोर येऊ शकतो. सुनावणी टाळून शास्ती माफ करणे आणि सुनावणी टाळून शास्ती लावणे, या दोन्हींनी खरा दोषी सुटतो.

आणि ज्याला ऐकवायचे तोच आला नाही तर? केंद्रीय आयोगाने जून २०१३ मध्ये काँग्रेस, भाजप, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, राष्ट्रवादी काँग्रेस आणि बसप हे सहा राष्ट्रीय पक्ष सार्वजनिक प्राधिकरणे असल्याचा निर्णय दिला. पक्षांनी तो न्यायालयात आव्हानित केला नाही आणि पाळलाही नाही. मार्च २०१५ मध्ये आदेशाची अंमलबजावणी करवून घेण्याची साधने आपल्याकडे नाहीत, अशी कबुली देऊन आयोगाने ते प्रकरण बंद केले. साधा कारकून तारखेला आला नाही तर त्याच्यावर शास्ती बसते. कायदा करणारे पक्ष आयोगाच्या आदेशाकडे पाठ फिरवून मोकळे होतात.

उपाय फारसे खर्चिक नाहीत आणि बहुतेकांना कायदादुरुस्तीचीही गरज नाही. सार्वजनिक प्राधिकरणाचे लेखी उत्तर सुनावणीच्या पुरेसे आधी अर्जदाराच्या हाती पडले नसेल तर ते विचारात घेऊ नये. नकाराच्या मूळ पत्रात नसलेली कारणे अपिलात ऐकू नयेत. गिल प्रकरणाचा तो दंडकच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये किशनचंद जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्य आयोगांना त्या वर्षाअखेरपर्यंत संमिश्र सुनावणीची आणि ऑनलाइन दाखल करण्याची सोय करण्यास सांगितले होते. तिची अंमलबजावणी आयोगनिहाय तपासली जावी. कलम १८ ची तक्रार चुकून आली तर ती फेटाळण्याऐवजी अर्जदाराला अपिलाचा मार्ग दाखवून मुदतीची सवलत द्यावी. आयुक्ताने पूर्वी ज्या खात्यात काम केले असेल त्या खात्याचे प्रकरण दुसऱ्याकडे सोपवावे. प्रत्येक आदेशात अर्जदाराचा मुद्दा, खात्याचा मुद्दा आणि त्यांवरील निष्कर्ष अशी तीन वाक्ये तरी असावीत.

हे सारे आयोग स्वतः ठरवू शकतात. जुलै २०२४ च्या निकालाने त्यांच्या विनियम करण्याच्या अधिकाराबद्दलची शंकाही दूर केली आहे. सरकारच्या हाती राहते ते आयुक्तांची पदे वेळेवर भरणे, आणि न्यायालयांच्या हाती राहते ते सार्वजनिक पैशातून दाखल होणाऱ्या रिट याचिकांवर स्थगिती देण्यापूर्वी, दिल्लीपर्यंत येऊ न शकणाऱ्या नागरिकाची बाजू ऐकून घेणे. कायद्याला वीस वर्षे पूर्ण झाली आहेत. पुढील वीस वर्षांत त्याचे मोजमाप किती अपिले निकाली निघाली यावर करायचे, की किती अपीलकर्त्यांना कारणांसह उत्तर मिळाले यावर, हे मुनिरका येथील सुनावणीच्या खोल्यांत आणि राज्यांच्या आयोगांत रोजच्या रोज ठरणार आहे.